दहावी टोपली

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं एक गाव होतं. दिवस उजाडला की घराघरातून हातोड्यांची ठकठक सुरू व्हायची. त्या आवाजात पाळण्यातली पोरं निवांत झोपायची, आणि आवाज थांबला की रडून उठायची. गावाची सारी भाकरी डोंगरातल्या एका खाणीवर होती. तिथला हिरवट दगड भट्टीत घातला की तांबं निघायचं.

गावात एक जुनी चाल होती. खाणीतून दहा टोपल्या दगड निघाला की दहावी टोपली शोधकऱ्यांची. शोधकरी म्हणजे नवा दगड कुठे आहे ते पाहत डोंगर पालथा घालणारे आणि जागोजागी खड्डे खणणारे. असे पाचजण होते, आणि त्यांत सर्वांत जुनी चिमाबाई. बारा वर्षांत तिच्या सांगण्यावरून या पाचजणांनी एकेचाळीस खड्डे खणले होते, आणि एकेचाळीसही रिकामे निघाले होते. पोरं तिच्यामागे ओरडत जायची, "चिमाबाईला मिळालं काय? खड्ड्यात खड्डा, दुसरं काय!" चिमाबाई त्यांच्याबरोबर स्वतःही हसायची.

गावाचा मुखिया राघोजी माणूस वाईट नव्हता, जरा घाईचा होता एवढंच. ज्या वर्षी बंदरावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन यायचे आणि तांब्याला भाव चढायचा, त्या वर्षी तो शोधकऱ्यांना एका टोपलीऐवजी दोन द्यायचा आणि हवं तिथे खणा म्हणायचा. भाव उतरला की अर्धी टोपली. एका वर्षी व्यापारी फिरकलेच नाहीत, तेव्हा त्याने ती अर्धीही बंद केली. खाण चांगली भरलेली आहे, मग रिकामे खड्डे कशाला पोसायचे, असं त्याचं म्हणणं पडलं. भाव आला की पुन्हा खणू.

चिमाबाई त्याला भेटायला गेली.

"मुखिया, डोंगराला बाजारभाव कळत नाही," ती म्हणाली. "आज कुदळ मारली तर पाच-सात वर्षांनी काही हाती लागतं. भाव आल्यावर कुदळ शोधायला निघालो, तर फार उशीर होईल."

राघोजीने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बाकीचे चार शोधकरी पोटासाठी परगावी गेले. पाहुणे खड्ड्यांवरून गावाची थट्टा करतात म्हणून राघोजीने सगळे खड्डे बुजवूनही टाकले. निदान प्रत्येक जागी एक दगड तरी उभा करा, खूण राहील, असं चिमाबाईने विनवून पाहिलं. पण फजितीच्या खुणा कोण जपतं, असं म्हणून राघोजी हसला. दोन पावसाळ्यांत सगळीकडे गवत माजलं आणि कुठे काय होतं ते कोणालाच ओळखू येईना.

चार वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षी खाणीतला हिरवा दगड सरला. समोर काळा कातळ लागला, आणि कितीही फोडला तरी काळाच. नेमका त्याच वर्षी तांब्याचा भाव असा चढला की व्यापारी गावाबाहेर तळ ठोकून बसले. त्यांना द्यायला गावाकडे काही नव्हतं.

भट्ट्या विझल्या, हातोडे थांबले. तीन घरांनी गाड्या जुंपल्या आणि गाव सोडलं. दिवाळीपर्यंत दगड मिळाला नाही तर आम्हीही निघू, असं बाकीच्यांनी राघोजीला सांगून टाकलं. वाडवडिलांनी वसवलेलं गाव आपल्यामुळे उठणार, हे राघोजीला स्पष्ट दिसू लागलं.

त्याने दिसेल त्याच्या हाती कुदळ दिली. चाळीस माणसं डोंगरभर पांगली आणि मनाला येईल तिथे खणू लागली. एके ठिकाणी माती इतकी मऊ लागली की सगळे हरखले. देव पावला म्हणत ते दोन पुरुष खोल गेले. तळाशी एक वहाण सापडली, अंगठा तुटलेली.

राघोजीने ती उचलली आणि ओळखली. ती चिमाबाईची होती. आपणच बुजवलेला रिकामा खड्डा आपण आठवडाभर उपसत होतो, हे त्याच्या लक्षात आलं. असे आणखी चाळीस खड्डे याच गवताखाली होते. पहिल्यांदाच त्याला स्वतःची लाज वाटली.

वहाण धुऊन, पुसून तो चिमाबाईच्या दारात गेला.

"बाई, मी चुकलो," तो म्हणाला. "आता गाव तुमच्या हाती आहे."

"बरं झालं सापडली. दुसरी मी जपून ठेवली होती," चिमाबाई म्हणाली. एवढंच बोलून ती त्याला घरात घेऊन गेली.

आत एका दोरीला ओळीने एकेचाळीस पुरचुंड्या लटकत होत्या. प्रत्येक खड्ड्यातली मूठभर माती, ओढ्यापासून डोंगराकडे खड्डे जसे गेले त्याच क्रमाने. चिमाबाईने एकेक सोडून राघोजीच्या तळहातावर ठेवली. आधीची माती नुसती पिवळी होती. तेविसावी किंचित हिरवट निघाली. पस्तिसाव्या पुरचुंडीत हिरवे कण होते, आणि शेवटच्या मातीने तर बोटाला हिरवा डाग लागला.

"सगळे रिकामेच," ती म्हणाली. "पण सगळे सारखे रिकामे नव्हते. बेचाळिसावा करवंदीच्या जाळीमागे खणायचा होता. त्याच आठवड्यात टोपली बंद झाली."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जाळीमागे जमलं. बेचाळिसावा खड्डाही रिकामा निघाला, कारण डोंगर काही गोष्टीतल्यासारखा वागत नाही. चिमाबाईने माती चोळून पाहिली आणि वीस पावलं वर सरकायला सांगितलं. त्रेचाळिसाव्या खड्ड्यात कुदळ ठणकली, आणि हिरवागार दगड वर आला.

नव्या दगडाचा पहिला तांब्या राघोजीने स्वतः घडवला आणि चिमाबाईच्या हातात ठेवला. हा पाचजणांचा आहे, त्या चौघांना आधी बोलावून घ्या, असं ती म्हणाली. चौघे परत आले. दहावी टोपली पुन्हा सुरू झाली आणि पुढे भाव चढो की पडो, कधी थांबली नाही. पुरचुंड्यांवरून एकेक जागा हुडकून तिथे दगड उभे केले. दरवर्षी भट्टी पेटली की सारं गाव पोराबाळांसकट डोंगरावर जायचं आणि प्रत्येक दगडापाशी तांब्याभर पाणी ओतून हात जोडायचं.

एकदा एका व्यापाऱ्याने विचारलं, "तांबं त्रेचाळिसाव्या खड्ड्यात मिळालं. मग हे पाणी रिकाम्या बेचाळीसांना का?"

"त्यांतल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितलं, इथे नाही, थोडं पुढे जा," राघोजी म्हणाला. "वाट सांगणाऱ्याला आमच्या गावात आधी पाणी विचारतात."

तात्पर्य एवढंच: शोधाची टोपली भाव पाहून भरू नये, आणि हाती यश आलं की आधी रिकाम्या हाताने परतलेल्यांचे उपकार आठवावेत.