मागच्या चाकांचं वळण

अवजड ट्रेलरचं स्टिअरिंग आखून आखून इंजिनिअर ढमढेरेबाई पार थकल्या होत्या. घाटातल्या वळणावर मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळायला हवीत, हे मालक रणदिवेंना काही केल्या पटत नव्हतं. आराखडा पुन्हा फेटाळत ते भर बैठकीत गरजले, "माझ्या कंपनीत मी वळेन तिकडेच सगळे वळतात. चाकांनीही तसंच वळायचं!"

साऱ्या साहेबलोकांनी माना डोलावल्या.

बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "वळवते, साहेब. पण सगळीच चाकं पुढच्यांच्या होला हो करायला लागली, की गाडी वळत नाही. नुसती तिरकी सरकत दरीत जाते."

रणदिवेंनी मान डोलावणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आराखड्यावर सही केली. बाईंना हसायचंही त्राण नव्हतं; त्यांनी चहा मागवला.