बूनने बांधून दिलेली कॉफी

सिंगापुरात एक भोळा कॉफीवाला होता. नाव बून, वय चाळीस. चीनच्या हायनान बेटावरून तो बोटीने आला, पण अक्कल तिकडच्या धक्क्यावरच राहिली. हान मामांच्या कॉफीच्या दुकानात तो कामाला होता.

पहिल्याच दिवशी त्याने आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा फेकून दिला. मामा म्हणाले, "अरे, डबा फेकायचा नसतो. रिकामा करायचा, काठाला दोन भोकं पाडायची, दोरी ओवायची. गिऱ्हाईक घरी कॉफी नेतं ते त्यातूनच."

बूनला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुधाचे बारा भरलेले डबे गटारात रिकामे केले आणि दोऱ्या ओवून टांगले. गल्लीतली मांजरं त्याला देव मानू लागली. मामांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आधी आत बघत जा. पांढरं असेल तर ठेव, काळं पडलं असेल तर ओत.

तिसऱ्या दिवशी बूनने कॉफीच्या पुडीचा डबा उघडला. आत काळं. ओतलं.

"कॉफी काळीच असते, गाढवा," मामा म्हणाले. "वास घे. कॉफीचा आला तर ठेव, नाहीतर फेक."

हे आधी सांगायला हवं होतं, असं बूनचं मत पडलं.

मग दुकानात टीव्हीवाले आले. हायनानहून आलेल्या माणसांवर मालिका निघत होती आणि मामांना तीत चक्क एक वाक्य होतं. बोटीतून उतरलेल्या नायकाला कॉफी द्यायची आणि म्हणायचं, "पी बाबा, घरचीच आहे." मलाक्काचा मेहुणा मामांना जन्मभर कपबशा विसळणारा म्हणत आला होता. त्याच्याच बैठकीत, त्याच्याच टीव्हीवर दिसायचं, एवढी एकच हौस मामांना उरली होती.

नऊ वेळा मामा वाक्य विसरले. दहाव्यांदा असं बोलले, की दिग्दर्शकांनी डोळे पुसले. चित्रणाची फिल्म डब्यात बंद झाली, डबा फळीवर गेला. मामांना इतका आनंद झाला, की त्यांनी बूनला साहेबांसाठी घरी न्यायला कॉफी द्यायला सांगितलं. सगळे आवराआवरीला लागले.

थोड्या वेळाने दिग्दर्शक दारात उभे होते. हातात कॉफीचा डबा लोंबत होता, ताटाएवढा पसरट.

"फळीवर आमचा फिल्मचा डबा होता," ते म्हणाले.

"तुमच्या हातात आहे की," बून म्हणाला.

मग त्याने नीट समजावून सांगितलं. "दुधाचे डबे संपले होते. हा दिसला. आत बघितलं, काळं. वास घेतला, कॉफीचा नव्हता. मग रिकामा केला, भोकं पाडली. दोरीही संपली होती, पण ती डब्यातच निघाली. भरपूर."

मामा मटकन खाली बसले. मेहुण्याला दाखवायचे फितीतले मामा आता दिग्दर्शकांच्या बोटांना गुंडाळलेले होते.

बून जवळ गेला आणि त्याने फीत ओढून पाहिली.

"गाठ पक्की आहे साहेब," तो म्हणाला. "घरी पोचेपर्यंत थेंब सांडणार नाही."