कोथिंबिरीची जुडी

"पण सर, तुमच्या हाताखालची सगळी मुलं पीएचडी पूर्ण करून कशी काय बाहेर पडायची?"

चौगुले सर लसूण सोलत होते. त्यांनी एक गड्डा वैजयंतीपुढं सरकवला. म्हणजे, तोंड चालू दे, पण हातही चालव.

सरांच्याच हाताखाली पीएचडी केलेली डॉ. वैजयंती शिंत्रे आता विद्यापीठात इतिहास विभागाची प्रमुख. तिच्या दारावर टकटक करताना पोरं आधी घसा खाकरून घेतात. पण गडहिंग्लजच्या या स्वयंपाकघरात खुर्ची मागायची नाही, पाट सरकवून बसायचं, हे ती विसरली नव्हती.

येणं मात्र कितीतरी वर्षांनी झालं होतं. दारातच चाचरत म्हणाली होती, "प्रबंधाचं पुस्तक करून तुमच्या हातात द्यायचं म्हणत होते, सर. ते झालं की येणारच होते..."

सर नुसतं "हं" म्हणाले होते आणि चहाचं आधण ठेवलं होतं.

"आमच्याकडं नुसती गळती लागलीय," ती सांगू लागली. "पोरं नाव नोंदवतात आणि मधेच गायब होतात. कुलगुरूंनी समिती नेमली, मला अध्यक्ष केलं. दर महिन्याला अहवाल, ठरल्या तारखेला प्रकरण, नाही दिलं की नोटीस. सगळं करून बघितलं. गळती आणखी वाढली."

"समितीचं राहू दे. समितीसाठी एसटीचे धक्के खात येणारी तू नव्हेस. कोण गळलं?"

वैजयंतीचे हात थांबले.

"शिवलीला."

शिवलीला हिरेमठ याच गावची. वैजयंतीची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. आता हे तिनं त्या पोरीला कधी चुकूनही सांगितलं नव्हतं, तो भाग वेगळा. मोडी कागद हातात दिला तर पोरगी आपण पेपर वाचावा तशी घडाघडा वाचायची. पण दिवाळीला घरी आली ती परत विभागात फिरकलीच नाही. फोन उचलत नाही. महिनाअखेरीला तिची नोंदणी रद्द होणार होती, आणि त्या पत्रावर सही वैजयंतीनंच करायची होती.

"माझं काय चुकलं, सर?" तिचा आवाज चढला. "वेळ दिला, पुस्तकं दिली. एवढंच सांगितलं होतं की, प्रकरण लिहून झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

"मग पोरगी ऐकतीय की तुझं."

...

वैजयंतीला राग आला. सरांचा असा राग पूर्वीही यायचा, आणि तेव्हाही तो गिळावाच लागायचा. आज तिनं तो गिळला नाही.

"स्पष्ट बोलते, सर. तुम्ही आम्हाला राबवून घ्यायचा. शनिवार आला की तुमचा निरोप, येताना कोथिंबीर आण. आमचं लिहून झालंय की नाही, त्याची काही चौकशी नाही. मी एक ओळ न लिहिता खोलीत तोंड लपवून बसलेली असायचे, तरी निरोप हजर. कोथिंबिरीला नाही कसं म्हणायचं? मुकाट्यानं यायचे. तेव्हाच ठरवलं होतं, आपण मार्गदर्शक झालो तर विद्यार्थ्यांना भाजी आणायला पाठवायचं नाही."

"चांगलं ठरवलंस," सर म्हणाले. "जा, हात धुऊन ये. मागच्या दारी पाणी आहे."

मागच्या दारी ती पहिल्यांदाच जात होती. विद्यार्थी असताना सगळे पुढच्या अंगणातल्या नळावर हात धुवायचे. मागं कुत्रा आहे, चावतो, असं सर सांगायचे. तो कुत्रा कधी कुणी पाहिला नव्हता, भुंकताना ऐकलाही नव्हता.

कुत्रा आजही नव्हता.

धुण्याच्या दगडापाशी, सांडपाणी जायचं तिथं, एक वाफा होता. कोथिंबीर नुसती माजली होती. वाफ्याच्या कडेच्या विटा शेवाळून काळ्या पडलेल्या.

वैजयंती ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"सर... हा वाफा कधीचा?"

"घर बांधलं तेव्हाचा," आतून आवाज आला.

...

तिला एकदम तिची ती भाड्याची खोली आठवली, कोरे कागद आठवले, आणि पिशवीत जुडी टाकून, मान खाली घालून या घराच्या पायऱ्या चढणारी ती स्वतःच आठवली. डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं, तर लसणानं डोळे आणखी चुरचुरले.

आत येऊन ती म्हणाली, "तुमचा फोन द्या, सर. माझा ती उचलत नाही."

फोन लागला. पलीकडून दबकत आवाज आला, "हॅलो, कोण?"

"शिवलीला, मी बोलतीय. तुझ्याच गावात आहे, चौगुले सरांच्या घरी. जेवायला ये."



"मॅडम... प्रकरण झालं नाही अजून. लिहिते आणि फाडते. रिकाम्या हातानं कसं येऊ तुमच्यासमोर?"

वैजयंतीनं मागच्या दाराकडं बघितलं. आवाज जरा चिडकाच निघाला.

"रिकाम्या हातानं ये म्हटलंय कुणी? येताना बाजारातनं कोथिंबीर घेऊन ये. एक जुडी."

सरांनी लसणावरची नजर काढली नाही.

"दोन सांग," ते म्हणाले. "तूही रिकाम्या हातीच आलीयस."