आधी धुणं की आधी महाराज?

सोनवळीच्या राजाची धोतरं नदीत वाहून गेली, आणि खापर फुटलं कोंडाजी दवंडीवाल्याच्या डोक्यावर!

झालं असं. राजे दुर्जयराव यांनी भरलेल्या तळ्याची मोरी उघडायची ठरवली. मोरी उघडली की नदीला लोंढा येणार, म्हणून आदल्या दिवशी कोंडाजीनं डफ बडवत गावभर दवंडी दिली. एकानंही ऐकली नाही. सकाळी घाटावर धुणं रंगात आलेलं, आणि वरून पाणी! माणसं कशीबशी काठावर चढली. लुगडी गेली, गोधड्या गेल्या, धोब्याकडं दिलेली महाराजांची धोतरंही गेली.

"दवंडी दिली होतीस ना?" महाराज कडाडले.

"दिली, सरकार."

"मग लोकांनी ऐकली का नाही?"

कोंडाजीला खरं कारण सांगायची सोय नव्हती. राज्याची रीतच अशी की दवंडीत आधी महाराजांची बिरुदं, मग मजकूर. आणि बिरुदं तरी किती! अरिदळभंजन, न्यायभास्कर, दानसागर... लढाई जिंकली की एक बिरुद वाढायचं. अलीकडं लढाया होत नव्हत्या, म्हणून सर्दी बरी झाली तरी वाढायचं. कोंडाजी 'पडसेविजेते'पर्यंत पोचायचा, तोवर ऐकणारे घरी जाऊन पानावर बसलेले असत.

"तळं अजून तुडुंब आहे. उद्या पुन्हा मोरी उघडणार," महाराज म्हणाले. "उद्या घाटावर एक माणूस दिसला, तर तुझा डफ जप्त आणि तू शिवेबाहेर! लोकांना अडवायला शिपाई मिळणार नाहीत. आणि खबरदार, माझं एक जरी बिरुद गाळलंस तर!"

कोंडाजी घरी आला तो डफ उराशी धरूनच. त्याची मुलगी ठकू भाकरी थापत होती.

"पोरी, बांधाबांध कर. या वयात परमुलखात मला कोण दारात उभं करणार गं?" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. पण ठकू रडत बसणाऱ्यांतली नव्हती.

"बाबा, बिरुदं गाळायची नाहीत, असं म्हणाले ना? मागंपुढं करायची नाहीत, असं म्हणाले का?"

"नाही. पण अगं, रीत..."

"रीत गेली धोतरांबरोबर वाहून! तुम्ही डफ वाजवा. बोलते मी."

त्या दिवशी बाजार होता. ठकू एका दगडावर चढली.

"ऐका हो ऐका! ज्यांची धुणी वाहून गेली, त्यांनी ऐका! ज्यांची वाचली, त्यांनी तर कान देऊन ऐका! नदी उद्या परत न्यायला येतेय!"

कांदे निवडणारे हात थांबले. "कधी गं?" एका बाईनं विचारलं.

"सांगते, सांगते! पण हुकूम कुणाचा? अरिदळभंजनांचा! म्हणून तर आपली गुरं कुणी पळवत नाही! दानसागरांचा! दुष्काळात कोठार उघडलं ते यांनीच!"

लोक माना डोलावू लागले. एवढ्या वर्षांत त्या नावांचा आपल्याशी काही संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पडसेविजेत्यांना काय जोडावं ते मात्र ठकूला सुचेना. ते तिनं नुसतंच घेतलं. एक म्हातारा मधेच बोलायला लागला, तर चौघांनी त्याला दटावलं. वेळ अजून कळायची होती ना!

"उद्या सूर्य माथ्यावर येईपर्यंत घाटावर पाय ठेवू नका! धुणं दुपारी धुवा! शेजारणीला सांगा. भांडण असलं तरी सांगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं.

बापलेक आनंदानं दरबारात गेली. पण कारभारी अप्पाजीपंत आधीच महाराजांच्या कानाला लागले होते. "सरकार, बिरुदं सगळी घेतली, पण धुण्याच्या नंतर!"

"काय? माझ्या नावाआधी गोधड्या?" महाराज लालबुंद झाले. "यापुढं राज्यात कुणाला काहीही सांगायचं असो, आधी माझी बिरुदं, मग मजकूर! आत्तापासून! आणि या कोंडाजीला शिवेबाहेर घालवा!"

तेवढ्यात सिंहासनामागं धुमसणाऱ्या धुपाटण्याकडं एक नजर टाकून ठकू पुढं झाली.

"एक सांगायचं होतं सरकार. हुकमाप्रमाणंच सांगते." तिनं हात जोडले. "अरिदळभंजन..."

बिरुदं सुरू झाली की दरबारानं डोळे मिटून मान खाली घालायची, असा नियम होता. सगळ्यांनी घातली. महाराजांनीही सुखावून डोळे मिटले.

"न्यायभास्कर... दानसागर..." ठकूला कसलीच घाई नव्हती.

काहीतरी करपल्याचा वास सुटला. महाराजांनी डोळे न उघडताच नाक मुरडलं. "हं, आता मुद्द्याचं बोल."

"अजून आहेत, सरकार. गजविद्याविशारद... मल्लशिरोमणी..."

"अगं, मुद्दा!"

"पडसेविजेते महाराज," ठकू शांतपणे म्हणाली, "धुपाटण्यातली ठिणगी पडून आपला शेला मागून पेटलाय."

महाराज सिंहासनावरून उडालेच! अप्पाजीपंतांनी धावत जाऊन तांब्याभर पाणी ओतलं. घाईत ते महाराजांच्या डोक्यावर पडलं, पण खाली ओघळून शेला विझला.

"अगं बये! पाठ भाजली असती माझी! हे आधी सांगायचं सोडून नावं कसली घेत बसलीस?"

"तेच तर, सरकार!" ठकू म्हणाली. "घाटावरच्यांच्या उरावर पाणी येत होतं. त्यांना आधी काय सांगायला हवं होतं?"

महाराजांनी शेल्याला पडलेलं भोक पाहिलं, त्यातून बोट घालून पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की ओल्या मिशांतून पाणी उडालं.

"कोंडाजीचा डफ कोंडाजीकडंच राहील! राज्यातल्या सगळ्या दवंड्या आजपासून ठकू रचेल. आणि माझ्या गोठ्यातली दुभती म्हैस तिला बक्षीस! पंत, जाहीर करा!"

पंतांनी घसा साफ केला. "अरिदळभंजन, न्यायभास्कर, दानसागर..."

"पंत!" महाराज ओरडले. "आधी म्हैस!"