नावापुरती माशी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा अवजारं बोलत असत. ऐकत मात्र तेव्हाही नसत.

मधपाळाच्या खोपटात एक रिकामी मधपेटी मधमाश्यांच्या बिऱ्हाडाची वाट पाहत होती. एके दिवशी तिच्यात गांधीलमाश्या शिरल्या.

"अगं, त्या मध करत नाहीत," शेजारचा धूर द्यायचा डबा चौथ्यांदा म्हणाला.

"नावात माशी आहे ना? करतील हळूहळू."

"नावात माशी घरमाशीच्याही आहे," डबा वैतागला.

"मेल्या, तुला कुणाचं बरं बघवत नाही."

फुलोऱ्यात मधमाश्यांचा थवा जागा शोधत आला. दोघी पेटीत डोकावल्या, त्यांना गांधीलमाश्यांनी खाऊन टाकलं. थवा पुढे निघून गेला.

पेटी समजुतीने म्हणाली, "भुकेल्या होत्या बिचाऱ्या. आता उद्यापासून मधाला लागतील बघ."