तांबड्या धाग्याची माशी

पूर्वी कुंदावती नगरीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका कारागिराच्या घरी जन्म घेतला होता. तो मासे धरायच्या पिसांच्या माश्या बांधायचा. बारीक गळाला होला पक्ष्याचे पीस लावायचे, त्यावर धाग्याचे वेढे द्यायचे, की पाण्यावर बसलेली खरीच माशी वाटावी. राजाला या माश्यांचा मोठा नाद होता. रोज सकाळी सरोवराच्या काठी उभा राहून तो लांब काठीने माशी पाण्यावर अलगद टेकवी, आणि तळहाताएवढे रुपेरी मासे ती धरायला वर येत.

एका वर्षी पांढरा धागा संपला म्हणून बोधिसत्त्वाने तांबड्या धाग्याने माश्या बांधल्या. रुपेरी मासे त्यांवर तुटून पडले. राजा खूश झाला आणि म्हणाला, "आता तांबडाच धागा." असे का झाले, हे बोधिसत्त्वाने स्वतःला विचारले नाही. राजा खूश आहे ना, मग झाले.

पण थोड्याच दिवसांत सगळे बिनसले. माशी पाण्याला लागते न लागते तोच खालून हातभर लांब, काळी मरळ उसळे, माशी तोंडात धरी आणि एका हिसक्यात दोरा तोडून निघून जाई. सात दिवसांत सात माश्या गेल्या. आठव्या दिवशी राजाने काठी फेकून दिली आणि बोधिसत्त्वाला बोलावणे धाडले.

"सरोवर माझे, माशी माझी, आणि मेजवानी या चोरटीची," राजा म्हणाला. "मोठे लोखंडी गळ लावून शंभर माश्या बांध. उद्या माझे शंभर लोक काठावर उभे राहतील. एकही मरळ शिल्लक राहता कामा नये. हे केलेस तर सरोवराचा अधिकारी तू. नाही केलेस, तर ज्या अंगठ्याने धागा ओढतोस तो अंगठा माझा."

बोधिसत्त्व त्या जन्मी फार भित्रा होता. दार वाजले तरी तो दचकायचा. पण घरी जाताना तो सरोवराकडे वळला, कारण एक गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. बेडूक गिळणारी मरळ एवढ्याशा पिसासाठी रोज त्याच जागी का येते?

लव्हाळ्याशी तो उकिडवा बसला. उथळ पाण्यावर एक तांबूस ढग हलत होता. नीट पाहिले, तर ती मरळीची पिल्ले होती, तांदळाच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी. रुपेरी मासे ती टिपायला भोवती घिरट्या घालत होते. एवढ्यात खालून मरळ उसळली. मासे उधळले आणि बोधिसत्त्व दचकून मागच्या मागे चिखलात बसला. तिच्या ओठाला सात गळ रुतलेले होते. तुटलेले सात दोरे मिशांसारखे लोंबत होते.

चिखलात बसल्या बसल्याच त्याला कळले. तांबडी माशी तिच्या पिल्लासारखी दिसत होती. म्हणून तर रुपेरी मासे तिच्यावर तुटून पडत होते. आणि दोऱ्याने ओढले जाणारे ते पिल्लू सोडवायला मरळ येत होती.

बायको कुमुदा त्याला पाहून म्हणाली, "अहो, मासे धरायला गेला होतात की चिखल?"

त्याने सारे सांगितले. कुमुदा म्हणाली, "अधिकारी झाला असतात तर मला दोन दासी मिळाल्या असत्या."

"अंगठा गेला तर तुलाच दासी व्हावे लागेल."

"ते होईन. पण त्या मरळीला मारणारी माशी या घरात बांधली जायची नाही. किती माश्या बांधणार?"

"दोन. बिनगळाच्या."

सकाळी काठावर शंभर लोक उभे होते. बोधिसत्त्वाने राजापुढे दोन माश्या ठेवल्या, एक पांढऱ्या धाग्याची, एक तांबड्या.

"गळ कुठे आहेत?" राजाने विचारले.

"महाराज, ती चोर नाही. आधी पांढरी टाकून पाहा."

राजाने पांढरी माशी टाकली. ती मरळीच्या नाकासमोर पडली, पण मरळ हलली नाही. मग राजाने तांबडी टाकली आणि ओढली. मरळ उसळली, दोरा तुटला. पण या वेळी ओठात रुतायला गळ नव्हता. तिने माशी अलगद नेऊन पिल्लांच्या ढगात सोडली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

राजाचा चेहरा उतरला. पण त्याने भाला उचलला. "शंभर लोकांना हुकूम दिलाय मी," तो म्हणाला. "आता मागे कसा घेऊ?"

बोधिसत्त्व पाण्यात उतरला आणि भाला व मरळ यांच्या मध्ये उभा राहिला. त्याचे पाय इतके थरथरत होते की पाण्यावर तरंग उठत होते. मरळीला वाटले, हा आणखी एक शत्रू. तिने त्याच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. तो ओरडला, पण त्याने पाय उचलला नाही. तिने पुन्हा चावा घेतला. पाणी लाल झाले.

"महाराज," तो म्हणाला, "चूक माझ्या धाग्याची आहे. अंगठा घ्या. पण भाला खाली येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

राजाने त्याच्याकडे पाहिले, मग मरळीकडे. ती सात दोरे लोंबवत तिथेच उभी होती.

"वर ये बाबा," राजा शेवटी म्हणाला. "तीन हट्टी एका पाण्यात मावायचे नाहीत. मीच माझा हट्ट सोडतो."

भाला खाली आला. पिल्ले मोठी होऊन पांगेपर्यंत त्या काठावर कोणी काठी धरू नये, अशी दवंडी फिरली. बोधिसत्त्वाने पुन्हा कधी माशीला तांबडा धागा लावला नाही.

पुढे बुद्धत्वाला पोहोचलेल्या शास्त्यांनी ही कथा पदुमा नावाच्या तरुण भिक्षुणीला सांगितली. पान पडले तरी ती दचकायची, आणि "माझ्याने हे व्रत निभणार नाही, मला घरी जाऊ द्या," असे सांगायला आली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. कुमुदा म्हणजे यशोधरा. थरथरणारा तो कारागीर मी. आणि पदुमे, ओठात सात गळ घेऊन जागा न सोडणारी ती मरळ तू होतीस. भीती जाते तेव्हा जाते. पाय न हलणे, याच दृढनिश्चयाला अधिष्ठान म्हणतात."

पदुमा उठली, आणि घराकडे न जाता विहारात परतली.