न मागितलेलं मीठ

पूर्वी शंखावती नगरीत राजा सुनाग राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी न्यायामात्य होते. त्याच नगरीत रेवतक नावाचा एक गंधी सुवासिक तेलं विकून राहत असे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे दुकानातून परतला की घर खायला उठे.

एकदा भर दुपारी एक रोडका वाटसरू त्याच्या दारी आला. चार दिवस आसरा द्या, म्हणाला.

"नाव काय तुझं?"

"तुम्ही हाक माराल ते."

रेवतक हसला आणि त्याने त्याला आत घेतलं. नाव न सांगणाऱ्याला घरात घेताना शहाणा माणूस जरा थबकला असता; पण एकटेपणाला कंटाळलेल्या माणसाकडून तेवढ्या शहाणपणाची अपेक्षा कोण करणार!

त्या नगरीचा एक रिवाज होता. पाहुणा महिन्याहून जास्त राहिला, तर दर पौर्णिमेला त्याने शेजाऱ्यांदेखत यजमानाच्या हातावर मूठभर मीठ ठेवायचं. मिठाला मोल नव्हतं. मी इथे पाहुणा आहे, एवढंच त्यातून सर्वांना कळे. ज्याने असं मीठ न देता सलग तीन पावसाळे एखाद्या घराचं अंगण सारवलं, त्याला ते घर आपलं म्हणून मागता येई, असा कायदा होता.

चार दिवसांचा महिना उलटला, तेव्हा पहिल्या पौर्णिमेला शेजारची उप्पला म्हातारी म्हणाली, "अरे रेवतका, मीठ घे त्याच्याकडून. मी बघायला येते."

"मावशी, या गरिबाकडून मीठ घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

पाहुणा खाली मान घालून म्हणाला, "मग निदान अंगण तरी सारवू द्या. फुकटचं खाताना जीव संकोचतो." रेवतकाला त्याचं भारी कौतुक वाटलं.

पहिल्या वर्षी पाहुणा रेवतकाचं जुनं उपरणं पांघरू लागला. दुसऱ्या वर्षी तो रेवतकासारखाच डावा पाय किंचित ओढत चालू लागला. रेवतक काम करताना जी एक धून गुणगुणत असे, ती आता परसातून ऐकू येई, आणि ती आपली की त्याची हे रेवतकालाच उमगेना. वासावर पोट भरणारा माणूस तो. पण स्वतःच्या अंथरुणाला येणारा वास त्याला ओळखता येईना. रस्त्यावरचे लोक पाहुण्याला "काय रेवतका, बरं आहे ना?" असं विचारत आणि पाहुणा मान डोलावी. रेवतक मात्र भिडेपोटी गप्प राही.

तिसरा पावसाळा सरल्यावर एका दुपारी रेवतक घरी आला, तर दार आतून लावलेलं. त्याने कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. तो हुबेहूब रेवतकाचाच आवाज होता.

आणि रेवतकाच्या तोंडून काय निघावं? "मी आहे. जरा आत येऊ का?"

दार उघडलं. रेवतकाने स्वतः वाढवलेला कुत्रा पाहुण्याच्या पायाशी उभा राहून रेवतकावरच गुरगुरत होता. पाहुणा शांतपणे म्हणाला, "या. पण तुम्ही इथे किती दिवस राहणार आहात?"

रेवतक तसाच न्यायसभेकडे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व स्वतः त्या अंगणात आले. उप्पलेला साक्षीला बोलावलं. ती रडत म्हणाली, "खोटं कसं बोलू? अंगण हाच सारवायचा. मीठ दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही." कायदा उघड उघड पाहुण्याच्या बाजूने होता. रेवतकाच्या तोंडचं पाणी पळालं. आता या वयात जायचं कुठे?

बोधिसत्त्वांनी ताडपत्र मागवलं. "घर कोणाच्या नावावर चढवू?"

"रेवतकाच्या," पाहुणा म्हणाला.

"ते आधीच रेवतकाच्या नावावर आहे. दुसऱ्याचं घर मागायचं, तर स्वतःच्या नावाने उभं राहावं लागतं. या घरात येण्यापूर्वी तुझं नाव काय होतं?"

"भद्रवाह."

"ते याआधीच्या घरच्या यजमानाचं असेल. त्याआधी?"

"सोमिल." त्याचा आवाज बदलला, जणू दुसराच कोणी बोलत होता.

"त्याच्याही आधी? आईने हाक मारली ते नाव सांग, बाळा."

पाहुण्याने तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. अखेर तो म्हणाला, "माझंही घर होतं. एक पाहुणा आला होता. नावसुद्धा तोच घेऊन गेला."

"नावावाचून दावा चालत नाही. घर रेवतकाचंच आहे," बोधिसत्त्व म्हणाले. मग ते रेवतकाकडे वळले. "आणि तू दया केलीस, पण ती स्पष्ट बोलून करायला लाजलास. त्या लाजेने तुम्हा दोघांचाही घात होत होता."

पाहुणा अंगणाबाहेर निघाला. त्याला पाहून रेवतकाला राग आला, भीती वाटली, आणि त्या दोन्हींहून जास्त कीव आली. त्याने उप्पलेकडून मूठभर मीठ मागून आणलं, पाहुण्याच्या ओंजळीत घातलं आणि सर्वांदेखत स्वतःचा हात पुढे केला.

"दे. दर पौर्णिमेला असंच द्यायचं. अंगण मी सारवीन. तुझं नाव तुला आठवेपर्यंत राहा."

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता थांबले. समोर भिक्षू बसले होते. आदल्या दिवशी या भिक्षूंनी एका वाटसरूला, हा इथेच ठाण मांडील या धास्तीने, विहाराच्या दाराबाहेरच बसवलं होतं.

"तेव्हाची उप्पला म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका. रेवतक म्हणजे विहाराचं दार राखणारा हा भिक्षू नंदिय. न्यायामात्य मीच होतो, आणि त्या जन्मी मी प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्ती, आचरली. तो बिननावाचा माणूस कालपासून आपल्या दाराबाहेर बसला आहे."

नंदिय उठला. मूठभर मीठ घेऊन तो दार उघडायला गेला.